सूक्ष्म धूलिकणांचा हिशेब

हिवाळ्यात श्वसनविकाराचे रुग्ण घेऊन येणारे नातेवाईक हमखास विचारतात, "घरात कोणी विडीसुद्धा ओढत नाही, मग हे दुखणे आले कोठून?" औषधोपचाराविषयी बोलणे हा डॉक्टरांचा अधिकार. परंतु हवेतील धूळ मोजणे हा बराचसा हिशेबाचा विषय असल्याने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या चंद्रपूर परिसरात औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट व लोह उद्योग एकवटले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील मूल्यांकनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते. येथील गृहिणी गच्चीवरची काळी भुकटी रोज झाडतात. ती बहुतांशी जाड असते आणि नाका-घशात अडकते. अधिक धोका २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कणांचा. केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढे हे कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात व हृदयालाही बाधतात. ते मुख्यत्वे ज्वलनातून येतात. शिवाय चिमणीतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडपासून दूरवरच्या हवेतही तयार होतात. गच्ची स्वच्छ दिसली म्हणून हवा स्वच्छ असेलच असे नाही.

मोजण्याची मूळ पद्धत तराजूचीच आहे. कोरा गाळणकागद तोलावयाचा, त्यातून चोवीस तास हवा ओढावयाची आणि पुन्हा तोलावयाचा. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक! यंत्र तासाला सुमारे एक घनमीटर, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर हवा ओढते. कागदाचे वजन १.४४ मिलिग्रॅमने वाढले, तर प्रत्येक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम धूळ आली. भारताने २००९ मध्ये ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा हीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेला आकडा १५ आहे.

सरासरी मात्र फसवी असते. समजा, वीस तास हवेत ४० मायक्रोग्रॅम धूळ होती आणि रात्रीचे चार तास १६०. सरासरी बरोबर ६० येते. वही जुळली, परंतु दम्याच्या मुलाने ते चार तास उशाला टेकून बसून काढलेले असतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहिल्याने धूर जणू झाकणाखाली कोंडतो. म्हणून तासातासाची नोंद करणारी यंत्रे हवीत. अशी केंद्रे चंद्रपूर शहरात व खुटाळा औद्योगिक क्षेत्रात आहेत. परंतु घुग्घुस किंवा दुर्गापूरच्या वस्तीतील रात्र तेथील आकड्यांवरून पूर्णपणे कळेल, असे मानणे मला धाडसाचे वाटते.

प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजणारे स्वस्त संवेदक आता मिळतात. काही देणगीदारांनी त्यांविषयी आस्थेने विचारणा केली. ते उपयुक्त आहेत, पण दमट हवेतील पाण्याने फुगलेले कण त्यांना मोठे भासतात व आकडा वाढतो. म्हणून वस्तीत बसविण्यापूर्वी ते काही आठवडे प्रमाणित यंत्राशेजारी चालवून फरक नोंदवावा लागतो. यंत्राच्या किमतीसोबत या कामाच्या व देखभालीच्या खर्चाचीही तरतूद करावी, अशी विश्वस्तांना विनंती आहे.

रुग्णांच्या आप्तांनी नोंदणीच्या वेळी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : राहण्याची नेमकी वस्ती, धाप लागल्याची वेळ आणि घरात चूल किंवा कोळशाची शेगडी पेटते काय. शेगडीचा धूरही याच सूक्ष्म कणांचा असतो. तो वेगळा काढल्याखेरीज कारखान्याच्या खात्यावर किती रक्कम मांडावयाची, हे ठरत नाही.