माचू पिच्चू कोणी शोधले? आणि आपला रांगणा?



आठवीच्या वर्गात दक्षिण अमेरिकेचा नकाशा लावला होता. पेरू देशातल्या अँडीज पर्वतावर बोट ठेवले आणि माचू पिच्चूचे चित्र दाखवले. मुलांनी ते मोबाईलवर आधीच पाहिलेले होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यां कोणी शोधल्यान?" मी पाठ असलेले उत्तर देऊन मोकळा झालो : अमेरिकन प्राध्यापक हायराम बिंगहॅम, २४ जुलै १९११.

घरी येऊन थोडे वाचले आणि लक्षात आले, आपण मुलांना अर्धेच उत्तर दिले. बिंगहॅमना डोंगराची वाट दाखवली ती मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने. वर पोचल्यावर तिथे शेतकरी कुटुंबे राहतच होती. इंका लोकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात ती पीक घेत होती. पुढचे अवशेष दाखवायला सोबत गेला तो त्यांच्यातला एक लहान मुलगा. त्याच्याही आधी, १९०२ साली, आगुस्तिन लिसारागा या स्थानिक माणसाने तिथल्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहून ठेवले होते. मग 'शोधले' म्हणजे काय? जगाला कळले, एवढेच. पायथ्याच्या माणसांना ते ठाऊकच होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकले, "काल मी अर्धेच सांगितले, आज उरलेले ऐका." शिक्षकाने चूक कबूल केली की मुले जास्त कान देऊन ऐकतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

तेवढ्यात एक मुलगी उठली. "सर, माझा आजोळ नारूराक. आजी रांगण्याखालच्या रानात लाकडां आणूक जाय." खरं सांगतो, पाठ तिथून सुरू झाला.

रांगणा म्हणजेच प्रसिद्धगड. गड येतो कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यात, पण त्याची एक वाट आपल्या कुडाळ तालुक्यातल्या नारूर, केरवडे भागातून सह्याद्री चढून जाते. दाट जंगल, वर गडाचे दरवाजे, तलाव, रांगणाई देवीचे मंदिर आणि कोकणच्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी निघालेली तटबंदीची माची. आदिलशाही फौजेने याला वेढा घातला, तेव्हा १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोडून काढला. एवढा मोठा गड, पण वर्गातल्या किती जणांना माहीत होता? तिघांना.

आता दोन्ही ठिकाणे फळ्यावर शेजारी लिहा. माचू पिच्चू पंधराव्या शतकातले, पाचाकुती या इंका राजाच्या काळातले मानतात. तिथल्या उत्तम भिंतींत चुना नाही, दगडाला दगड घासून बसवलेला. आपण गडगा घालतो तसाच, पण कितीतरी सफाईने. तिथे पायी नेणारी इंका वाट सुमारे ४२ किलोमीटरची, चालायला साधारण चार दिवस. वाटेत सुमारे ४,२०० मीटर उंचीची खिंड लागते. दिवसाला वाटाडे आणि हमाल धरून पाचशेच माणसांना परवानगी असते, आणि फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. म्हणजे त्यांनी नुसते अवशेष जपले नाहीत, तिथे जाणारी वाटही जपली.

आणि आपली वाट? मुलीच्या आईला सांगून वर्गातूनच आजीला फोन लावला, स्पीकर सुरू केला. कुठे चढ दमवतो, चैत्रात पाणी कुठे मिळते, कुठल्या झाडाखाली भारा टेकायचा, आजी सांगत होती आणि वर्ग चिडीचूप. शेवटी म्हणाली, "आता घराघरात गॅस इलो. रानात कोण जाता? आमची वाट बुजान गेली."

गॅस आला हे चांगलेच झाले. आजीच्या डोक्यावरचा भारा उतरला. पण भाऱ्याबरोबर वाटेची माहितीही उतरली, आणि ती कोणी उचलून घेतली नाही. तट ढासळला तर निदान दगड तरी उरतात. आजीच्या वयाची माणसे गेली की वाटेचे काय उरणार?

म्हणून हा उपक्रम तुम्हीही घ्या :

१. मुलांनी घरातल्या किंवा आजोळच्या मोठ्या माणसाला विचारावे, "तुम्ही डोंगरात कुठल्या वाटेने जायचात? कशासाठी?"

२. उत्तर त्यांच्याच मालवणीत लिहावे. प्रमाण मराठीत 'सुधारू' नये. झऱ्यांची, कातळांची, वळणांची नावे जशीच्या तशी हवीत.

३. कागदावर वाटेचा नकाशा काढावा आणि सांगणाऱ्याला दाखवून तपासून घ्यावा.

४. वहीवर सांगणाऱ्याचे नाव त्यांना विचारून लिहावे. आर्तेआगाचे नाव किती जणांना माहीत असते? तसे आपल्याकडून होऊ नये.

पालकहो, काळजी वाटणे साहजिक आहे. गड पाहायचाच तर पावसाळा टाळून, मोठ्यांसोबत, गावातला वाटाड्या घेऊनच जायचे. दगड हलवायचा नाही, नाव कोरायचे नाही, कचरा परत आणायचा. आणि रांगण्यापर्यंत जाणे जमत नसेल तरी बिघडत नाही. आपल्या तळेऱ्याच्या तिठ्यावरून एक रस्ता विजयदुर्गला जातो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याला. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्याकडे आता जगाचे लक्ष राहील. रांगणा त्या यादीत नाही. त्याच्याकडे लक्ष आपल्यालाच द्यायचे आहे.

आमच्या वर्गात आतापर्यंत अकरा वाटा वहीत आल्या. पहिल्या पानावर आजीचे नाव आहे. परवा तिच्या नातीने नकाशा नेऊन दाखवला, तर आजीने एक वळण चुकले म्हणून परत काढायला लावले.

तुमच्या वर्गातली पहिली वाट कोणाची असेल?