ट्रक चालवावा, पण घर सुटू नये



गळीत हंगाम संपला, की उसाच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर मोकळे होतात आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवर निघून जातात. यात आपल्या सभासदांची पोरेही पुष्कळ. पंधरा-पंधरा दिवस घरी पाय लागत नाही. म्हातारे आई-बाप, बायको, पोरांची शाळा, रानातली पाणीपाळी सगळे मागे राहते. झोप अपुरी झाली, की पहाटेच्या वेळी स्टिअरिंगवर डोळा लागतो, आणि मग घरी येते ती बातमी. म्हणून ठरल्या वेळेचे, रात्री घरी आणणारे काम कसे ओळखावे, याचा विचार या धड्यात करू.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. "आमच्याकडे टायमिंग चांगलं आहे" असे प्रत्येक मालक म्हणतो. त्या शब्दावर जाऊ नये. वेळ ठरते ती कामाच्या जातीवरून. त्यासाठी दोन हिशेब घालावेत.

पहिला हिशेब किलोमीटरचा

कामाचे तास धरा ८. भरणी, उतरणी, काटा, कागदपत्रे यांत ३ तास जातात असे समजा. उरले ५. भरलेली गाडी ताशी सरासरी ४० किलोमीटर चालली, तर जाऊन-येऊन २०० किलोमीटर होतात. म्हणजे एका बाजूने १०० किलोमीटरच्या आतली खेप असेल, तरच गडी रात्री घरी येईल. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. ही खेप आठ तासांत जाऊन-येऊन होणे नाही, मग मालक काहीही सांगो.

दुसरा हिशेब पगाराचा

समजा, लांबच्या गाडीवर महिन्याला २८,००० रुपये मिळतात. २६ दिवस, रोज १४ तास. एकूण ३६४ तास. ढाब्यावरचे जेवण दिवसाला २०० रुपये धरले, तर ५,२०० रुपये तिथेच गेले. हाती उरले २२,८००, म्हणजे तासाला सुमारे ६३ रुपये. जवळच्या कामावर २०,००० रुपये मिळतात, २६ दिवस, रोज ९ तास, डबा घरचा. एकूण २३४ तास, म्हणजे तासाला सुमारे ८५ रुपये. पगार थोडा दिसला तरी कष्टाचा भाव जास्त पडला, आणि वाचलेल्या वेळात रानाकडेही बघता आले. आपापले आकडे घालून हा हिशेब घरात सर्वांनी मिळून करावा.

कोणती कामे पाहावीत ?

१) दूध संघाची गाडी : रस्ता रोजचा, वेळ ठरलेली. पण दुधाला रविवार नसतो. तेव्हा बदली ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारावे.

२) औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची माल-गाडी किंवा कामगारांची बस : पाळीच्या वेळेला बांधलेले काम. रात्रपाळी आठवड्याने बदलते का, ते पाहावे.

३) पेट्रोल-डिझेलचे टँकर आणि आपल्या डिस्टिलरीचे इथेनॉलचे टँकर : डेपोची वेळ ठरलेली असते, पण गाडी खाली करायला नंबर लागतो. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. अशा लायसनची मुदत ३ वर्षे असते. ही नोंद सगळ्यांकडे नसते, म्हणून जवळ असलेल्याला मागणी राहते.

४) नगरपालिकेची घंटागाडी, पाण्याचा टँकर, शाळेची बस : पगार बेताचा, पण संध्याकाळ घरची.

ऊस वाहतूक घराजवळची खरी, पण ती या यादीत बसत नाही. यार्डात नंबर कधी लागेल याचा नेम नाही, आणि काम हंगामापुरते.

कायदा काय म्हणतो ?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते. त्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही दिवसाचे तास आठच आहेत. जादा काम कामगाराच्या संमतीने आणि दुप्पट दराने, शिवाय नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक. मात्र ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागते. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम धरायचे, तर तास, सुट्टी आणि पगार आपणच कागदावर लिहून घ्यावा.

काम धरण्याआधी विचारायचे प्रश्न

१) रात्री गाडी कुठे उभी राहते ? (हा सर्वांत मोठा प्रश्न. गाडी जिथे, ड्रायव्हर तिथे.)
२) पगार महिन्यावर की खेपेवर ? खेपेवर असेल, तर घाई आणि जागरण आलेच.
३) भरणी-उतरणीला गाडी थांबली, तर तो वेळ कामात धरतात का ?
४) आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, आणि त्या दिवशी गाडी कोण चालवतो ?
५) भविष्य निर्वाह निधी कापतात का ?

उत्तरे मालकाकडून ऐकावीत आणि त्याच ठिकाणच्या जुन्या ड्रायव्हरला चहा पाजून पडताळून पाहावीत. दोघांचे जमले, तर काम धरावे.

ज्यांची पोरे नव्याने या धंद्यात येत आहेत, त्यांनी ध्यानात ठेवावे : हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष जवळ असावे आणि वय २० पूर्ण असावे, तरच वाहतुकीच्या जड वाहनाचे लायसन मिळते. ते वर्ष फुकट न घालवता जवळपासच्या कामांची चौकशी करून ठेवावी. चांगली जागा जाहिरातीत क्वचित येते. ती आधीच्या ड्रायव्हरच्या तोंडून कळते.