एट्रियल फ्लटर आणि टू-डी इको : अहवालाचा अर्थ व मर्यादा

हृदय, बस्ती व शिर या तीन मर्मांना चरकाचार्यांनी विशेष स्थान दिले आहे. हृदयाच्या रुग्णाची जबाबदारी स्वीकारताना त्याच्या हातातील आधुनिक अहवालाचा नेमका अर्थ समजणे, हे म्हणूनच वैद्याचे कर्तव्य ठरते.

काही काळापूर्वी साठी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. एट्रियल फ्लटरसाठी त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होती. टू-डी इकोच्या अहवालात ‘गुठळी दिसत नाही’ असे लिहिलेले होते. "मग गोळी बंद करून केवळ अर्जुनारिष्ट घेतले तर चालेल ना?" हा त्यांचा प्रश्न होता. औषधालयातही असे प्रश्न येतात. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

विकाराचे स्वरूप
नेहमी आढळणाऱ्या प्रकारात विद्युत्-लहर उजव्या कर्णिकेत ट्रायकस्पिड झडपेभोवती फिरत राहते. कर्णिका मिनिटाला सुमारे ३०० वेळा स्पंदन पावतात. बहुधा दोनपैकी एकच लहर जवनिकांपर्यंत पोहोचते व नाडीची गती १५० च्या आसपास राहते. चारपैकी एक पोहोचल्यास ती ७५ भरते आणि नाडी अगदी प्राकृत वाटते. एट्रियल फिब्रिलेशनमधील अनियमित नाडी हाताला चटकन जाणवते. फ्लटरमधील नाडी मात्र अनेकदा नियमित असते. विश्रांतीनंतरही गती १५० च्या जवळ खिळून राहिली, तर इसीजी अवश्य करावा. करवतीच्या दातांसारख्या लहरींवरून निदान होते ते इसीजीवर, इकोवर नव्हे.

इको काय सांगतो?
१. कर्णिकांचा आकार : डावी कर्णिका विस्तारलेली असल्यास विकार पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असते.
२. झडपांची स्थिती : आमवातज्वरानंतर मायट्रल झडप अरुंद झाली आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. हा संकोच मध्यम वा तीव्र असल्यास रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीनच्या गटातील औषध निवडले जाते.
३. डाव्या जवनिकेची शक्ती : दीर्घकाळ राहिलेल्या जलद गतीनेही हृदयाचा स्नायू दुबळा होतो. गती वा लय आटोक्यात आल्यावर तो पुष्कळदा सुधारतो. म्हणून वेगवान गतीत मोजलेला इजेक्शन फ्रॅक्शन अंतिम मानू नये. काही काळाने पुन्हा इको करावा.
४. हृदयाची उजवी बाजू : फुप्फुसातील वाढलेला रक्तदाब किंवा कर्णिकांमधील पडद्याचे छिद्र यांचा शोध लागतो.

इको काय सांगत नाही?
डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. कर्णिकेचे आकुंचन मंदावले की रक्त तेथे साचते व गुठळी होते. छातीवरून केलेल्या इकोत ही पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोत ती स्पष्ट दिसते. म्हणूनच फ्लटर एक-दोन दिवसांहून जुना असेल किंवा केव्हा सुरू झाला हे ठाऊक नसेल, तर विद्युत्-झटक्याने लय सुधारण्यापूर्वी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवतात, अथवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री करतात. लय सुधारल्यानंतरही किमान चार आठवडे गोळी चालू ठेवावी लागते. त्यापुढील निर्णय वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयदौर्बल्य, पूर्वीचा पक्षाघात इत्यादींवर अवलंबून असतो. आज गुठळी दिसली नाही, म्हणून उद्या ती होणार नाही असे नव्हे.

आपली भूमिका
आम्ही त्या गृहस्थांना गोळी बंद करू दिली नाही. त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे परत पाठविले व आमच्या औषधाचा विचार त्यांच्या सल्ल्यानंतरच करण्याचे ठरविले. औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती, की रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या ग्राहकास लसणाचे वा गुग्गुळाचे कल्प विचारपूस केल्याविना देऊ नयेत. रक्तस्राव वाढू शकतो. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना ज्येष्ठमधाचे दीर्घ सेवन घातक ठरू शकते, कारण त्याने शरीरातील पोटॅशियम घटते.

नाडी, इसीजी व इको या तिन्हींची कामे वेगळी आहेत. नाडीने शंका घ्यावी, इसीजीने निदान करावे आणि इकोने हृदयाची अवस्था जाणावी. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविले, की त्याची किंमत रुग्णाला पक्षाघाताच्या रूपाने मोजावी लागते.