मुक्या जिवाचा विश्वास

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे भोसरीपासून चाकणपर्यंतचा सारा टापू कारखान्यांनी गजबजून गेला. तेथील फाटकांपाशी, उभ्या मालमोटारींच्या सावलीत भटकी कुत्री निजलेली तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या अंगाला वंगण माखलेले असते, कानांत गोचिडी असतात आणि कोणी हात उगारताच ती शेपूट पायांत घालून पळतात. अशा कुत्र्याला घरी आणले की, प्रथम धरून आंघोळ घालावी, असे आपणांस वाटते. हेतू चांगला, पण घाई वाईट.

ज्याने माणसाच्या हातून दगडच खाल्ला, त्याला हातातील कंगव्याचे भय वाटणारच. म्हणून आधी पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी व रेबीजची लस टोचून घ्यावी. गोचिडींवर औषधही त्यांच्याच सल्ल्याने लावावे. रॉकेल कधीही लावू नये, त्याने कातडीची आग होते. मग काही दिवस त्याला विसावू द्यावे. तो आपण होऊन जवळ आला, म्हणजे घरातील वडील माणसांसमक्ष त्याच्या छातीवरून हळुवार हात फिरवावा. कंगवा जमिनीवर ठेवून त्याला हुंगू द्यावा व भाकरीचा तुकडा द्यावा. दुसऱ्या दिवशी कंगवा पाठीवरून दोनदाच फिरवावा आणि तो कंटाळण्यापूर्वी थांबावे.

आंघोळीच्या वेळी पाय घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरावे. कोमट पाणी पायांपासून घालावे. कानांत जाऊ देऊ नये. रस्त्यावर हिंडताना झिजणारी नखे घरात वाढू लागतात; परंतु नखात रक्तवाहिनी असते, म्हणून ती जाणत्या माणसानेच कापावीत.

कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, तेव्हा तो 'पुरे' असे सांगत असतो. तो गुरगुरला तर मारू नये. गुरगुरण्याची शिक्षा झालेला कुत्रा पुढे सूचना न देताच चावतो. चावला किंवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व तत्काळ दवाखाना गाठावा.

थेंबे थेंबे तळे साचे, तसाच विश्वासही साचतो. एक दिवस कंगवा दिसताच तो शेपूट हलवीत पुढे येईल. बळजबरीने अंग स्वच्छ होईल, पण मन दुरावेल; धीर धरला, तर दोन्ही साधतील.

शब्दार्थ : टापू – प्रदेश, वंगण – यंत्रास घालावयाचे तेल, समक्ष – समोर.

स्वाध्याय
१. कुत्र्याच्या गुरगुरण्याबद्दल त्याला का मारू नये?
२. कारण सांगा : घरात आणल्यावर कुत्र्याची नखे वाढू लागतात.
३. 'शेपूट पायांत घालणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.