पापणी खाली, पावती कोरी

मुलीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून भुवयांमधल्या उभ्या रेघांसाठी मी बोटॉक्स घेतलं. यात लपवायचं काय? ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या आमच्या जाऊबाई केस काळे करायला एकही पंधरवडा चुकवत नाहीत.

रायपूरच्या एका क्लिनिकमध्ये रविवारचा ‘कॅम्प’ होता. बाहेरगावचे डॉक्टर सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीने परत. सिरिंज आधीच भरून ठेवलेली. त्याच आठवड्यात डावी पापणी जड झाली आणि बघता बघता अर्ध्या बुबुळावर उतरली.

क्लिनिकमध्ये गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते, “मॅडम, आपकी पलक तो पहले से ऐसी थी.” पहले से! सुई टोचण्याआधी तुम्हीच फोटो काढलात, तो दाखवा म्हटलं. तर तो ‘सिस्टम में नहीं दिख रहा’. मग मी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाचा फोटो मोबाइलवर काढून तिच्यासमोर धरला. दोन्ही डोळे टक्क उघडे. त्यावर सूर बदलला: “एक इंजेक्शन से डिज़ॉल्व कर देंगे, चार्ज अलग लगेगा.”

नशीब, आधी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. ते म्हणाले, असं इंजेक्शनच नाही. विरघळवतात तो फिलर, म्हणजे खळगे भरायला घातलेलं हायलुरोनिक अॅसिड. हायलुरोनिडेजने ते विरतं. बोटॉक्स स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा निरोप अडवतं, त्यावर उतारा नाही. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपलं होतं. काही आठवड्यांत आपोआप सुटेल, डोळ्यात घालायच्या थेंबांनी तोवर मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर राहील, एवढंच. निष्णात डॉक्टरच्या हातूनही कधी असं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे पापणी पडली याचा राग नाही. नसलेल्या उताऱ्याचे पैसे मागितले, तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हा बायांनो (आणि हो, पुरुषांनो, तुम्हीही जाता, मला माहीत आहे), कुपी डोळ्यांसमोर फोडायला लावा. ती कोरडी पूड असते, २ ते ८ अंशांत ठेवायची, सलाइनमध्ये कालवली की २४ तासांत वापरायची. रायपूरच्या मे महिन्यात ती कुठून कशी आली, हे विचारायला लाजू नका. कंपनीचं नाव, बॅच नंबर, किती युनिट, सगळं पावतीवर लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त ‘फेस पॅकेज’ आहे. भुवयांमधल्या रेघांना बोटॉक्सची सर्वसाधारण मात्रा २० युनिट, डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाची ५०. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं, तेव्हा नुसता ‘युनिटमागे स्वस्त’ हा हिशेब फसवा.

कपाळाला आठ्या घातल्यावर दिसते ती रेघ याने जाते. कातडी सैल पडली असेल तर नाही. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, टिकतो तीन-चार महिने, म्हणून लग्नकार्याच्या निदान महिनाभर आधी घ्या आणि तपासणीला तोच डॉक्टर असेल याची खात्री करा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा फिलरनंतर कातडी पांढरी पडून ठणकू लागली, नजर अंधुक झाली, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, टाटीबंधला एम्समध्ये थेट आपत्कालीन विभाग गाठा.

आपल्याकडे छत्तीसगडमध्ये २०१० चा नर्सिंग होम अॅक्ट आहे. त्याचा परवाना आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. बाकी स्वस्ताला भुलू नका वगैरे तुम्हाला माहीतच असेल.

सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात तक्रारीचा अर्ज देऊन पोच घेतली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. वकील म्हणतात, त्या पावतीने काही सिद्ध होणार नाही. हळदीकुंकवाचा फोटो आणि नेत्रतज्ज्ञांचा कागद, एवढ्यावरच दावा उभा राहील.