हे आजारामुळे की गोळीमुळे?

नवा नवा डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास बावीस वर्षांच्या एका मुलाला जीपमधून आणलं. मान डावीकडे पिळलेली, डोळे छताला लागलेले, जबडा इतका आवळलेला की शब्द फुटेना. दंडावर नवाकोरा गंडा आणि कपाळभर अंगारा होता, तेव्हा आधी कुठे जाऊन आले हे विचारायची गरज नव्हती. वडील म्हणाले, "तीन दिवस तुमची गोळी खाल्ली आणि आज याच्या अंगात आलं." प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली आणि पोराने पाणी मागितलं.

चूक माझी होती. हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, त्यातही तरुण मुलांमध्ये, स्नायू असे अचानक पिळवटू शकतात, हे मी घरच्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर घाबरतील आणि गोळी देणारच नाहीत, अशी माझी समजूत. न सांगितल्यामुळेच गोळी बंद पडते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

स्किझोफ्रेनिया, बायपोलरमधला उन्माद, भास आणि पराकोटीचा संशय यांवर हॅलोपेरिडॉलसारखी अँटिसायकोटिक औषधं देतात. लोक त्यांना सरसकट 'झोपेच्या गोळ्या' म्हणतात, पण झोप येणं हा त्यांचा जोडपरिणाम आहे. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर त्या कमी करतात, म्हणून कानात येणारे आवाज ओसरतात. आता हेच डोपामिन हातापायांच्या हालचालींतही लुडबुड करतं आणि बायकांच्या पाळीतही. त्यामुळे साइड इफेक्ट भलत्याच जागी उगवतो आणि घरचे त्याला भलतंच नाव देतात.

सगळ्यात जास्त फसवते ती पायांची तगमग. माझ्याकडे येणारी एक सून स्वयंपाकघर ते ओसरी अशा दिवसभर येरझाऱ्या घालायची, जेवायला बसली की दोन घासांत उठायची. सासूबाईंचं म्हणणं, आजार वाढलाय, डोस वाढवा. वाढवला असता तर तगमगही वाढली असती. मी विचारलं, "ताई, मनात भीती वाटते म्हणून फिरता, की पाय बसू देत नाहीत?" तिला रडूच फुटलं. "पायच हो डॉक्टर." डोस कमी केला, सोबत प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि ती ताटावरून उठायची थांबली. ही तगमग कधीकधी इतकी असह्य होते की माणसाला जीव नकोसा वाटतो. तेव्हा पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

उलटही होतं. चाल मंदावते, हात थरथरतात, चेहऱ्यावरचे भाव पुसल्यासारखे होतात. घरात शिक्का बसतो, 'आळशी झालाय'. यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची छोटी गोळी जोडतात. ती उपयोगी आहे, पण तोंड कोरडं पाडते, शौचाला घट्ट करते आणि म्हाताऱ्यांना विसराळू बनवते. कित्येक चिठ्ठ्यांवर ती वर्षानुवर्षं तशीच चाललेली दिसते. अजून लागते का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. मूळ अँटिसायकोटिक औषध बरीच वर्षं चालू असेल तर ओठांची किंवा जिभेची नकळत चाळवाचाळव होते का, तिकडेही लक्ष ठेवा. ती लवकर दिसली तर औषध बदलून बघता येतं.

काही गोष्टी कोणी बोलतच नाही. रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड घेणाऱ्या मुलीची पाळी थांबते, छातीतून दुधासारखा स्राव येतो. लग्न न झालेल्या एका मुलीच्या आईने गुपचूप प्रेग्नन्सी टेस्ट आणली होती. ती 'निगेटिव्ह' आल्यावरही घरात पंधरा दिवस अबोला होता. हे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्यामुळे होतं आणि त्याचं निदान एका रक्ततपासणीत होतं. पुरुषांची कामेच्छा कमी होते, ताठरता येत नाही. ते तर कुणालाच सांगत नाहीत, सरळ गोळी खिशात घालतात आणि गटारात टाकतात. यावर डोस किंवा औषध बदलून बहुधा मार्ग निघतो, पण आम्हाला कळलं तर.

ओलान्झापिनचा प्रश्न वेगळा. मध्यरात्री उठून चिवड्याचा डबा रिकामा करणं हा हावरटपणा नाही, औषधाने लावलेली भूक आहे. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर, चरबी हे सगळं सुरुवातीला मोजून घ्यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग दरवर्षी. महिन्यात तीन-चार किलो वाढले तर लगेच या. वीस किलो वाढल्यावर उतरवणं फार कष्टाचं असतं.

क्लोझापिन घेणाऱ्यांना पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी क्वचित धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. ताप आला, घसा दुखला तर मेडिकलमधून परस्पर गोळी न घेता त्याच दिवशी पेशी तपासा. या औषधातलं बद्धकोष्ठही साधं समजू नका, आतडं बंद पडल्याची उदाहरणं आहेत. आणि बिडीचं एक गणित आहे. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन भराभर संपवतं. बिडी एकदम सोडली की त्याच डोसमध्ये रक्तातलं औषध वाढतं आणि माणूस पेंगायला लागतो. बिडी सोडाच, पण आम्हाला सांगून. तंबाखू मळून खाणाऱ्यांना हे गणित लागू नाही, कारण करामत धुराची आहे. (ती खायला परवानगी दिली असं कृपया समजू नये.)

आता गोळी बंद करण्याबद्दल. परस्पर बंद केली की पहिले काही दिवस माणूस ताजातवाना दिसतो, कारण गुंगी उतरलेली असते. घरचे म्हणतात, बघा, गोळीच बाधत होती. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तोवर गोळी कधी सोडली हे सगळे विसरलेले असतात. मग दोष कुणाच्या तरी नजरेवर जातो. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालतं, आणि थांबवायचं तेव्हा पायरीपायरीने थांबवतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. दिवस राहिले तरी घाबरून एकदम सोडू नका, आधी विचारा.

चहातून लपवून गोळी देणाऱ्यांना मी ओरडत नाही. कोणत्या हतबलतेतून ते होतं हे मला ठाऊक आहे. पण ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, तो आपली मान का आखडली हे सांगणार कसं? शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची आणि त्यांच्या साइड इफेक्टची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे. डॉक्टर लवकर भेटत नसतील तर टेलि-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

विदर्भातल्या वाचकांसाठी: यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी शेतावर जाणं टाळा, पाणी भरपूर प्या.

आणि 'मनाने गोळी थांबवू नका' या माझ्या पालुपदाला एक अपवाद. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, बोलणं असंबद्ध, असं सगळं एकत्र दिसलं तर तो औषधाचाच दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो. पुढची गोळी देऊ नका, सकाळची वाट बघू नका, गाडी काढा. मोठ्या दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, रिकाम्या स्ट्रिपसकट.