सूत्रकृमींचे विरजण

मराठवाड्यातील घराघरांत विरजणाला मोठा मान असतो. रात्री निजण्यापूर्वी कोमट दुधात चमचाभर ताक घातले, की सकाळी घट्ट दही तयार होते. त्या दह्यातील थोडेसे पुढच्या दिवसासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवले जाते. एखाद्या दिवशी विसर पडला, तर वाटी घेऊन शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागते; कारण विरजण पैशाने विकत आणण्यापेक्षा शेजारून मागून आणण्याचीच रीत आहे. विरजण ही जिवंत वस्तू आहे. त्यातील सूक्ष्म जिवाणू दुधावर वाढतात, आणि नवे दूध मिळाले नाही, तर हळूहळू मरून जातात.

2023 सालापर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात, समजा, एखाद्या मुलाने काचेच्या पेटीत मासे पाळले आहेत. त्या माशांनी पिल्ले द्यावीत अशी त्याची इच्छा असेल, तर त्यालाही घरात असेच एक विरजण राखावे लागेल. मात्र ते दह्याचे नव्हे, कृमींचे!

कृमी हा शब्द ऐकून कोणीही नाक मुरडील. पण माशाच्या पिल्लाची अडचण समजून घेतली, म्हणजे या कृमींचे मोल कळते. ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा रंगीत, झुपकेदार परांचा मासा पुष्कळांनी पाहिला असेल. याचा नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो. मादीने घातलेली अंडी तो तोंडात धरून त्या फेसात नेऊन ठेवतो. एखादे अंडे खाली निसटले, तर पुन्हा उचलून जागच्या जागी बसवतो. एकदोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लाच्या पोटाशी अंड्यातील बलकाची इवलीशी शिदोरी असते. ती दोनतीन दिवस पुरते. शिदोरी संपली, की पिल्लू आडवे पोहू लागते आणि अन्न शोधू लागते.

येथेच घात होतो. बाजारातील कोरड्या खाद्याचा दाणा त्या पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठा असतो. तो चुरून दिला, तरी पिल्लू त्याकडे सहसा ढुंकून पाहत नाही; कारण जे हलते तेच अन्न, एवढेच त्याला उपजत कळते. न खाल्लेला चुरा तळाशी कुजतो, पाणी नासते, आणि अन्न भोवती पडलेले असताना पिल्ले उपासमारीने मरतात. मुलाला वाटते, पाण्यात काही दोष असेल. वास्तविक दोष असतो तो जेवणाचा.

निसर्गात अशा पिल्लांना तळ्यातील बारीक जलचर मिळतात. पाण्यातील डासांच्या अळ्या मोठे मासे आवडीने खातात. तथापि घरात मुद्दाम डासांच्या अळ्या वाढविणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण देणे होय. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई नेहमीची, आणि म्हणून रांजण, हौद, पिंप भरून ठेवणे भाग पडते, तेथे तर ही गोष्ट अधिकच घातक. उलट, साठविलेल्या पाण्यातील अशा अळ्या खाऊन टाकाव्यात म्हणूनच महाराष्ट्रात आरोग्य खात्यातर्फे गप्पी मासे सोडले जातात. (हे मासे विहिरीत वा हौदात ठीक, नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या लहान माशांना ते त्रासदायक ठरतात.) काही जण गटाराच्या गाळातून ट्युबिफेक्स नावाचे लाल कृमी काढून माशांना घालतात. पण त्या गाळातील रोगही त्यांच्याबरोबर पेटीत येतात. स्वच्छ आणि हवे तेव्हा हाताशी असणारे जिवंत अन्न हवे असेल, तर ते घरीच वाढविणे उत्तम.

या कामी फार उपयोगी पडणारा जीव म्हणजे ‘मायक्रोवर्म’ या नावाचा सूत्रकृमी. सूत्र म्हणजे दोरा. त्याच्या आकारावरूनच हे नाव पडले. त्याची लांबी एकदोन मिलिमीटर, आणि जाडी केसाहून अधिक नाही. सूत्रकृमींचे कूळ फार मोठे आहे. माणसाच्या आतड्यातील जंत याच कुळातले. टोमॅटोच्या व डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणून शेतकऱ्याला हैराण करणारेही याच कुळातले. पण हा त्यांचा गरीब भाऊबंद कोणाच्या शरीरात राहत नाही, की पिकाला लागत नाही. आंबलेल्या पिठावरील यीस्ट व जिवाणू खाऊन तो जगतो. अठराव्या शतकात युरोपातील सूक्ष्मदर्शक बाळगणाऱ्या हौशी लोकांना तो चांगला परिचित होता. पुस्तके बांधण्यासाठी केलेली पिठाची खळ शिळी झाली, म्हणजे तीत हे जीव वळवळताना दिसत. 1767 साली स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनियस याने त्याला ‘पुन्हा जिवंत झालेला’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ‘रेडिव्हिव्हस’ हा शब्द त्याच्या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे.

त्याची लागवड अगदी सोपी आहे. गव्हाच्या कणकेची किंवा ओटची घट्ट लापशी मीठ-साखर न घालता शिजवावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी. झाकणाच्या उथळ डब्यात तिचा बोटभर जाडीचा थर द्यावा. पाव फुगविण्यासाठी बेकरीत वापरतात ते यीस्ट चिमूटभर वर भुरभुरावे. मग दुसऱ्या कोणाच्या डब्यातील चमचाभर जुनी लापशी, म्हणजेच आपले विरजण, मधोमध ठेवावे. झाकणाला बारीक छिद्रे पाडून आतून पातळ कापड लावले, म्हणजे हवा जाते आणि चिलटे आत शिरत नाहीत. चारपाच दिवसांनी डबा उजेडात तिरपा धरला, तर लापशीचा पृष्ठभाग रेशमासारखा लकाकताना दिसतो. ती लकाकी म्हणजे हजारो कृमींची हालचाल होय. पुढे गर्दी वाढली, की ते डब्याच्या ओल्या भिंतीवर चढू लागतात. याची मादी अंडी बाहेर घालीत नाही. ती जिवंत पिल्लांनाच जन्म देते. तीनचार आठवड्यांच्या आयुष्यात तिला सुमारे 300 पिल्ले होतात. ती पिल्लेही थोड्याच दिवसांत वाढतात. म्हणूनच एका चमच्याचा डबाभर संसार होण्यास वेळ लागत नाही.

भिंतीवर चढलेले कृमी बोटाने वा रंगाच्या कुंचल्याने निपटून घ्यावेत आणि वाटीभर पाण्यात खळबळून पिल्लांच्या पेटीत थेंबाथेंबाने सोडावेत. लापशी पेटीत जाऊ देऊ नये. हे कृमी पोहत नाहीत; तळाशी जाऊन वळवळत राहतात, आणि पिल्ले त्यांना टिपतात. गोड्या पाण्यात ते काही तास जिवंत राहतात खरे, पण उरलेले मरून पाणी नासते. म्हणून दिवसातून दोनतीन वेळा थोडेथोडे देणे बरे. पिल्लांची पोटे कृमींनी भरून पांढरट दिसू लागली, की पुरे झाले असे समजावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि हा डबा स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये.

दोनतीन आठवड्यांनी लापशी पातळ व काळपट होते, तिला आंबट उग्र वास येतो. काही मुले या वेळी जुन्याच डब्यात आणखी पीठ ओततात. तसे केल्याने बहुधा सारेच बिघडते. नवा डबा भरून त्यात जुन्यातील चमचाभर घालणे, हाच खरा मार्ग. डबा नासण्यापूर्वीच हे करावे लागते. नासल्यानंतर चमच्यात घेण्यासारखे काही उरत नाही. तसेच माशांची अंडी दिसल्यावर डब्याची तयारी करून भागत नाही. पिल्लांची शिदोरी दोनतीन दिवसांची, आणि डबा तयार होण्यास जवळजवळ आठवडा लागतो.

सर्वांत मोठी कसोटी असते ती वैशाखात. धाराशिवकडे तेव्हा पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नये. एवढ्या उष्णतेत डबा एका दुपारीत मरू शकतो. युरोपात माशांसाठी वाढविले जाणारे दोनतीन सेंटिमीटर लांबीचे पांढरे कृमी तर 25 अंशांच्या पुढे तगतच नाहीत. त्यांचा नाद येथे न केलेलाच बरा. मायक्रोवर्म थोडा काटक आहे. मातीच्या परातीत ओले गोणपाट अंथरून त्यावर डबा ठेवावा, गोणपाट वाळू देऊ नये, आणि ही परात माठाशेजारी सावलीत असावी. पाणी झिरपून उडते, त्याबरोबर उष्णता जाते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने डबाही गार राहतो. पाण्याचा खर्च म्हणाल, तर भांडी धुतलेले पाणीसुद्धा त्याला पुरते.

एवढे करूनही एखादा डबा जातोच. मीठ चुकून पडते, बुरशी येते, घरची मंडळी लग्नासाठी चार दिवस गावी जातात आणि गोणपाट वाळते. म्हणून जाणते मत्स्यपालक एकाऐवजी दोन डबे ठेवतात, एकात आज लागवड केली तर दुसऱ्यात आठ दिवसांनी. आणि तिसरा डबा मित्राच्या घरी देऊन ठेवतात. आपल्याकडचे सारे गेले, की वाटी घेऊन तेथे जाता येते.